राष्ट्रपती व्हायचंय? आधी आबा व्हा

राष्ट्रपती व्हायचं मनात घेतलंय? झ्याक. वय 35 पूर्ण, भारताचं नागरिकत्व, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता आणि हातात लाभाचं पद नको, एवढं पुरे. (अर्जावर 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही आमदार-खासदार. मिसळीच्या गाडीवरची मंडळी चालत नाहीत.) आता सराव. त्यासाठी दिल्ली गाठू नका, शिवाजी पेठेतल्या एखाद्या एकत्र कुटुंबात सहा महिने आबा म्हणून काढा.

लग्नपत्रिकेवर पहिलं नाव आबांचं. पोरगी कुणी बघितली, हॉल कुणी धरला, हे त्यांना पत्रिका छापून आल्यावर कळतं. तरी मांडवात फेटा सावरत सांगतात, "नातवाचं मीच जमवलं!" संसदेतल्या अभिभाषणात राष्ट्रपती 'माझं सरकार' म्हणतात, ते याच सुरात. भाषण सरकारनंच लिहून दिलेलं असतं. तेव्हा दुसऱ्यानं लिहिलेला कागद छाती काढून वाचायला शिका.

खरी परीक्षा रविवारी. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी आबांना. घोट घेऊन म्हणायचं, "मीठ कमी हाय गं, बघ जरा." वाटी आत जाते, भांडी आपटल्याचा आवाज येतो आणि तीच वाटी तश्शीच बाहेर येते. आता मुकाट प्यायची. घटनेचं कलम 74 म्हणजे हीच वाटी. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक झाला, 44 व्या दुरुस्तीनं एकदाच 'मीठ बघा' म्हणायची सोय दिली. विधेयकाचंही तेच. कलामसाहेबांनी 2006 मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत धाडलं, ते तसंच फिरून आलं, सही करावी लागली. आणि 1975 च्या जूनमध्ये आणीबाणीचा कागद रात्री आला, तर रात्रीच सही झाली. मिठाचं नावसुद्धा निघालं नाही.

एक डाव मात्र आबांच्याच हातातला. विधेयक किती दिवसांत निकालात काढायचं, हे कलम 111 सांगत नाही. लोकांची पत्रं उघडायची मुभा सरकारला देणारं 1986 चं टपाल विधेयक झैलसिंगांनी ना सही करून दिलं, ना परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं.

आमच्या गल्लीतल्या आबांपुढं थोरल्यानं रानाच्या वाटणीचे कागद ठेवले, तर चष्माच सापडेना. दोन दसरे झाले, अजून सापडला नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून रोज पेपर तेवढा वाचतात, अगदी बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट.