परत तेच नाव!

नाशिकच्या गंगापूर रोडच्या प्रदर्शनात परवा माझ्यासारखाच तिसरा स्टॉल दिसला. माझ्या बटव्यांसारखंच नावात 'गोदा', आणि येवल्याच्या पैठणीच्या तुकड्यांचे तसेच बटवे. गोदावरी सगळ्यांची, बटवेही कुणीही शिवावेत. कल्पनेवर मालकी नसतेच. पण माझ्या बटव्याच्या नाडीच्या टोकाला काठाची पट्टी दुमडून केलेला गोंडा असतो. तो नीट जमायला मला चार महिने लागले. तोसुद्धा जसाच्या तसा? वर गिऱ्हाईक मलाच विचारतं, "ताई, ती तुमचीच दुसरी शाखा का?" तिथली उसवलेली शिवणही माझ्याच माथी! आता बास. ४,५०० रुपये भरून ट्रेडमार्कचा, म्हणजे नाव आपल्या नावावर नोंदवायचा, ऑनलाइन अर्ज टाकतेय; त्यांच्या यादीतला पिशव्यांचा वर्ग १८. तोवर प्रत्येक बटव्यात अस्तराला माझ्या नावाची पट्टी, हातानं शिवलेली.