प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्यांची श्रद्धा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. घाईघाईत उत्तर द्यावं अशी ती नव्हती, म्हणून उशीर झाला.

जपानमधल्या नागासाकी परिसरात धर्मबंदीच्या काळात लपून श्रद्धा जपणाऱ्या छुप्या ख्रिस्ती लोकांवर मी जे लिहिलं, त्यावर आपला आक्षेप असा : दरवर्षी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायचा, बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं आणि घरी येऊन गुपचूप प्रार्थना करायची, ही श्रद्धा नव्हे, जीव वाचवण्याची सोय आहे. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे बायबलातल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन आपण पुढे ठेवलंत. आणि विचारलंत, मग ज्यांनी प्राण दिले ते वेडे होते का?

मुळीच नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर मारलं. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. माझ्या लेखात या सगळ्यांना मिळून एक ओळ मिळाली. ती चूक माझी, आणि ती दाखवून दिल्याबद्दल आपले आभार. पण हुतात्म्यांचा मान राखायचा तर बाकीच्यांना भित्रे ठरवावं लागतं, हे मला पटत नाही.

आधी त्या लोकांची अवस्था पाहू. 1614 मध्ये जपानवर सत्ता असलेल्या तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. 1644 मध्ये तिथला शेवटचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर गावांत उरले ते शेतकरी आणि कोळी. प्रत्येक घराला बौद्ध मंदिराचा दाखला लागे. आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला दरवर्षी ओळीत उभं राहून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्याला चांदी मिळेल, असे फलक चौकाचौकांत होते. पाच-पाच घरांचे गट पाडलेले असत आणि एकाच्या गुन्ह्याचा जाब पाचही घरांना द्यावा लागे. आपण लिहिता, 'जीव वाचवला'. कोणाचा? एकट्या माणसाला स्वतःपुरतं मरण निवडता येतं. पण त्या ओळीत उभ्या असलेल्या बाईच्या एका नकारात शेजारच्या चार घरांतली पोरंबाळंही होती. हा हिशेब मनात न धरता तिच्या पावलाचा निवाडा करणं मला जड जातं.

कारण काहीही असो, नाकारणं ते नाकारणंच, असं आपण म्हणाल. त्या लोकांनाही ते मान्य होतं, आणि माझ्या लेखात नीट मांडायचं राहून गेलं ते नेमकं हेच. त्यांच्याकडे 'कोंचिरिसान' नावाची एक गोष्ट होती. हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, अर्थ पूर्ण पश्चात्ताप. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरूच नसेल तर देवासमोर मनापासून पश्चात्ताप कसा करायचा, हे सांगणारी एक लहान पुस्तिका बंदीच्या आधीच, 1603 च्या सुमारास तयार झाली होती. पुढे तिच्या हस्तलिखित नकला घराघरांत जपल्या गेल्या. प्रतिमेवर पाय ठेवून आलेली माणसं घरी येऊन ही प्रार्थना म्हणत. म्हणजे यात काही पाप नाही, सगळेच करतात, असं त्यांनी मुलांना शिकवलं नाही. दरवर्षी पाय ठेवावा लागला आणि दरवर्षी त्याचं दुःख ताजं राहिलं. मला त्यांची श्रद्धा दिसते ती इथे. नाकारण्याची सवय झाली असती, तर दुसऱ्या पिढीतच सगळं संपलं असतं.

आपण एक वचन दिलंत, त्याच्या शेजारी मी शास्त्रातलाच एक माणूस ठेवतो. अरामी सेनापती नामान बरा झाला आणि इस्राएलच्या देवाला मानू लागला. मग त्याने अलीशा संदेष्ट्याकडे एक अवघड गोष्ट बोलून दाखवली. माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्यासाठी परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशाने त्याला दटावलं नाही आणि ते योग्य आहे असंही म्हटलं नाही. शांतीने जा, एवढंच सांगितलं. 2 राजे, पाचवा अध्याय. मी कितीदा तरी तो वाचलाय, आणि दरवेळी त्या उत्तराच्या आखूडपणापाशी थांबतो. शिवाय त्या दहाव्या अध्यायातलं वचन ज्या शिष्यांनी ऐकलं, त्यांत पेत्र होता. त्याने येशूला तीनदा नाकारलं, आणि तरी कळप त्याच्याच हाती सोपवला गेला.

आपला दुसरा मुद्दा कान्नोनच्या मूर्तीचा. करुणेच्या त्या बौद्ध देवतेच्या मूर्तीत त्यांनी मरिया पाहिली, म्हणजे धर्माची भेसळ केली, असं आपण लिहिलंत. मूर्ती बौद्ध होती हे खरंच, कारण दुसरी कुठलीही घरात सापडली असती तर घरच गेलं असतं. पण तिच्यासमोर म्हटली जाणारी प्रार्थना कोणाला होती, हे म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. घरात मृत्यू झाला की बौद्ध भिक्षू येऊन सूत्रं म्हणे. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत बसून काहीजण त्या सूत्रांचा परिणाम पुसण्यासाठी आपली प्रार्थना पुटपुटत. दोन्ही धर्म त्यांना एकच वाटत असते, तर याची गरज काय होती? इतक्या वर्षांत काही गोष्टी बदलल्या, शब्दांचे अर्थ हरवले, हे मी नाकारत नाही. बंदी उठल्यावरही इकित्सुकी बेटावरच्या अनेक घरांनी चर्चमध्ये न जाता पूर्वजांचीच रीत चालू ठेवली. त्यांना काय म्हणावं यावर अभ्यासकांत वाद आहेत. मी त्यांना दूषण देणार नाही.

आता 17 मार्च 1865 कडे येतो. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे नवं चर्च उभं राहिलं होतं. उराकामी गावातले काही लोक तिथे आले. एका बाईने तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांच्या कानाशी हळूच सांगितलं, की आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे, आणि मग मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे, असंही त्या लोकांनी सांगितलं. दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आणि तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार त्या वर्षी 1 मार्चला होता. मोजून पाहा, 17 मार्च हा उपवासकाळाचा सतरावाच दिवस येतो. दोनशेहून अधिक वर्षं एकही धर्मगुरू नाही, छापील पंचांग नाही, आणि दिवस चुकला नाही! गावात एक जण सणवारांची गणना सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जाई. भित्र्या माणसांकडून एवढी चिकाटी होत नाही. आणि ते चर्च कोणाला अर्पण केलं होतं? निशिझाकाच्या त्याच 26 हुतात्म्यांना. आपण ज्यांना एकमेकांसमोर उभं करता, ते तिथे एकाच छपराखाली होते.

पुढचं आपण लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. 1867 मध्ये याच उराकामीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी बौद्ध अंत्यविधी करायला उघड नकार दिला. बंदी तशीच होती. अटक झाली, छळ झाला, पुढे सुमारे 3,400 जणांना घरादारासकट दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं आणि त्यांतले सहाशेहून अधिक परतले नाहीत. ही पाय ठेवणाऱ्यांचीच नातवंडं-पतवंडं होती, आणि त्यांतल्या मोठ्यांनी स्वतःही पाय ठेवलेला होता.

1873 मध्ये बंदीचे फलक उतरवले गेले आणि वाचलेले लोक गावी आले. घरं मोडली होती, शेतं ओस पडली होती. काही वर्षांनी त्यांनी पैसे जमवून गावच्या जुन्या मुखियाच्या घराची जागा विकत घेतली आणि तिथे चर्च बांधलं. दरवर्षी त्यांना प्रतिमेवर पाय ठेवायला बोलावलं जाई, ते याच जागेवर.