पक्या अंतर्मुख निघाला

पक्याच्या कंपनीनं सगळ्यांची ती चार अक्षरांत स्वभाव सांगणारी मायर्स-ब्रिग्ज पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि पक्या ‘अंतर्मुख’ निघाला. हे सांगताना त्यानं चहा निवेपर्यंत कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

मंदारनं दाढी कुरवाळली. मनाच्या तळाशी दडलेलं उकरून काढणारा फ्रॉइड वाचायला घेतल्यापासून त्याला गाळणीतल्या चोथ्यातही दडपलेली वासना दिसते. “याचं मूळ लहानपणात आहे.”

“झालं सुरू!” स्मिता म्हणाली. “अरे, १९२० साली गॉर्डन ऑलपोर्ट नावाचा, पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला बावीस वर्षांचा पोरगा व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड गप्प. काहीतरी बोलायचं म्हणून यानं ट्राममधल्या एका पोराची गोष्ट सांगितली. चारेक वर्षांचं पोर, घाणीची भयंकर किळस, शेजारी कडक इस्त्रीतली आई. फ्रॉइड विचारतो, ‘तो मुलगा म्हणजे तूच का?’ ऑलपोर्टनं धडा घेतला तो कायमचा: आधी वरवरचं कारण बघा, उठसूट विहिरीत उतरू नका.”

“मग त्यानं काय दिवे लावले?” मंदारनं विचारलं.

“डिक्शनरी उपसली. माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द काढले, १९३६ साली. पुढच्यांनी गाळत गाळत पाच गुणांवर आणलं.”

“पक्याला आमची आजी एकाच शब्दात बसवायची,” मी म्हणालो. (तो इथं छापण्यासारखा नाही.)

अण्णा आजवर ‘माणूस घडवावा तसा घडतो’ म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वॉटसनचे भक्त. “डझनभर धडधाकट बाळं द्या, म्हणाल ते करून दाखवतो, असं छातीठोक सांगायचा तो! डॉक्टर, वकील, अगदी चोरसुद्धा.”

“अण्णा, तेव्हा तो विद्यापीठ सुटून जाहिरात कंपनीत होता. तीही जाहिरातच,” स्मिता म्हणाली.

अण्णांनी ‘आधी पोट, मग बाकीचं’ सांगणाऱ्या मास्लोच्या नावानं कांदाभजी मागवली.

“माझ्या टेस्टचं काय?” पक्या.

“ती काढणाऱ्या मायलेकींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षणही नव्हतं,” स्मिता म्हणाली. “आणि मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच सांगितलंय, स्वभावाच्या मोजमापावरून वागणं फारसं ओळखता येत नाही. प्रसंग बघा. तू साहेबासमोर अंतर्मुख, कट्ट्यावर लाउडस्पीकर, बिल आलं की परत अंतर्मुख.”

“अलिबागच्या ट्रिपपासून,” मंदारनं री ओढली.

“ए! अलिबागचे पैसे मी तुझ्याकडे दिले होते!”

सगळ्यांनी मंदारकडे पाहिलं.

“असेल... नेणिवेत गेलं असेल.”

“मग तिथूनच जीपे कर,” अण्णा म्हणाले आणि पक्याला असा ठसका लागला की भजीवाल्याला पाणी घेऊन पळत यावं लागलं.