मग हौस कोणाची?

‘पदरचे पैसे घालून पुस्तक काढणे म्हणजे निव्वळ हौस’ हे स्वखर्चाने पुस्तक काढण्यावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. माझ्या कथासंग्रहाचा खर्च पुण्यातल्या एका प्रकाशकानं माझ्याकडूनच मागितला, वर २०० प्रती मीच विकत घ्यायच्या! शेवटी आमच्या गोव्यात, म्हापशात पुस्तक स्वतःच छापून घेतलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, तोही आपल्या नावावर. त्याचे कुणी पैसे लावले तर सावध. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, तीही आपणच. मुद्रितशोधनात, म्हणजे छापण्याआधी चुका तपासून घेण्यात, मात्र मी कंजुषी केली, अजून पस्तावतोय. प्रती थोड्याच छापा. आमच्या पावसात गठ्ठ्यांना बुरशी धरते. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येतं, पण आमच्या वाड्यावरचे वाचक कागदच मागतात.