‘केपीटीआर-रिस्ट्रिक्ट २ करा, झालं!’ इतकं सोपं नाही ते

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: केएएसएलआर (दर बूटला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत वेगळ्या जागी बसवणारी सोय) चालू असला की कर्नल मेमरीत कुठे बसलाय हे कुणाला शोधता येत नाही, केपीटीआर-रिस्ट्रिक्ट ही कर्नलची सेटिंग २ केली की उरलेसुरले पत्तेही झाकले जातात, कर्नल ४.१५ पासून %पी (पत्ता छापायची खूण) हॅश होऊनच, म्हणजे ओळखू न येणारा आकडा बनूनच, छापला जातो, त्यामुळे पत्ते गळण्याचा विषय संपला. आणि समजा गळलाच एखादा, तर नुसत्या आकड्याने काय बिघडतं?

चारही विधानांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तो सल्ला टिकून आहे. शेवटचं आधी घेऊ, कारण त्यावर बाकीची तिन्ही उभी आहेत.

‘नुसत्या आकड्याने काय बिघडतं?’ एक्स८६-६४ वर कर्नलचा कोड १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्यांवरच बसू शकतो. म्हणजे जास्तीत जास्त ५१२ जागा, ९ बिट. शिवाय सरकतो तो सगळा एकत्र. फंक्शनांचा आपापसातला क्रम आणि अंतर बदलत नाही. तुमचा कर्नल डिस्ट्रोने बांधलेला असेल तर त्याचं पॅकेज कुणीही उतरवून घेऊ शकतो आणि त्यातून प्रत्येक सिंबॉलचा, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाचा, मूळ पत्ता काढू शकतो. पुढचं गणित शाळेतल्या वजाबाकीचं आहे. कोडच्या पत्त्यातले वरचे ३२ बिट कायम सगळे १ असतात, त्यामुळे खालचा अर्धा भाग पुरतो. मूळ पत्त्याचा खालचा भाग हेक्समध्ये ८१२३४५६० आणि गळलेला ९५८३४५६० असेल, तर सरक निघाली १४६०००००. ती २ एमबीच्या पटीत आहे, म्हणजे सिंबॉल बरोबर ओळखला. आता कर्नलमधल्या प्रत्येक फंक्शनचा आणि प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता हातात आला.

व्हेरिएबल म्हटलं की मॉडप्रोब-पाथ आठवावाच लागतो. कर्नलला मॉड्यूल लागलं की कोणता प्रोग्रॅम रूट म्हणून चालवायचा, ते या स्ट्रिंगमध्ये असतं. एखाद्या बगमुळे हल्लेखोराला मेमरीत हव्या त्या पत्त्यावर चार बाइट लिहिता येत असतील, पण कुठे लिहायचं हे ठाऊक नसेल, तर चुकीचा अंदाज म्हणजे बहुधा पॅनिक, अख्खं मशीनच पडतं. पत्ता ठाऊक असेल तर त्याच चार बाइटांत काम तमाम. (कॉन्फिग-स्टॅटिक-यूजरमोडहेल्पर लावून ही एक वाट बंद करता येते. बाकीच्या उरतातच.)

फंक्शनांचा क्रमच दर बूटला विस्कटायचा प्रस्ताव, एफजी-केएएसएलआर, २०२० मध्ये लिनक्ससाठी आला होता, पण मुख्य शाखेत गेला नाही. ओपनबीएसडीने २०१७ मध्ये ६.२ पासून वेगळी वाट धरली: दर बूटनंतर पुढच्या वेळेसाठी कर्नल वेगळ्या क्रमाने पुन्हा लिंक होतो. तिथे एक पत्ता गळला तर बाकीचे लगेच उघडे पडत नाहीत. लिनक्समध्ये पडतात, त्यामुळे इथे पहिली गळती हीच शेवटची गळती असते.

‘केएएसएलआर असला की शोधता येत नाही.’ लिनक्समध्ये तो ३.१४ ला आला आणि एक्स८६ वर ४.१२ पासून मुळातच चालू असतो. त्याच मशीनवर कोड चालवता येणाऱ्या माणसाला मात्र तो फार वेळ अडवत नाही. प्रोसेसरच्या प्रीफेच (डेटा आधीच आणून ठेवायच्या) सूचनेला लागणारा वेळ मोजून कोणता पत्ता मॅप झालेला आहे हे ओळखता येतं, ही पद्धत २०१६ पासून जाहीर आहे. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषानंतर केपीटीआय (कर्नलची आणि वापरकर्त्याची पेज टेबलं, म्हणजे पत्त्यांचे तक्ते, वेगळी ठेवणारा बचाव) आला आणि त्याने वापरकर्त्याच्या पेज टेबलांतून जवळजवळ सगळा कर्नल काढून टाकला. जवळजवळ, कारण सिस्टीम कॉलच्या दारावरचा थोडा कोड मॅप ठेवावाच लागतो. २०२२ च्या एंट्रीब्लीड या हल्ल्याने (सीव्हीई-२०२२-४५४३) नेमकं तेच दार मोजलं. मग पत्ते झाकण्यात अर्थ आहे का? आहे. ब्राउझरच्या सँडबॉक्समधून, नेटवर्कवरून किंवा सिस्टीम कॉल छाटलेल्या कंटेनरमधून येणाऱ्याला असं मोजमाप दर वेळी जमतंच असं नाही. शिवाय मोजून काढायला लावणं आणि लॉगमध्ये आयता छापून देणं यात फरक आहेच.

‘केपीटीआर-रिस्ट्रिक्ट २ केलं की झाकलं.’ ही सेटिंग दोनच गोष्टींवर चालते: %पीके ही खूण वापरून छापलेले पत्ते, आणि प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरातल्या कॉलसिम्स (सिंबॉलांची यादी) किंवा मॉड्यूल्ससारख्या फायली. ० असताना %पीके हा साध्या %पी सारखा हॅश होतो. १ असताना कॅप-सिसलॉग ही खास परवानगी असलेल्याला खरा पत्ता आणि बाकीच्यांना शून्यं दिसतात. २ असताना रूटलाही शून्यंच. पण %एलएक्सने (साध्या हेक्स आकड्याच्या खुणेने) छापलेला आकडा, ऊप्समधले, म्हणजे कर्नलच्या चूक-अहवालातले, रजिस्टर, वापरकर्त्याकडे बाइट म्हणून गेलेला स्ट्रक्ट (फील्डांचा गट), यांतल्या कशालाही ती हात लावत नाही.

१ या किमतीत एक खोच आहे. परवानगी तपासली जाते ती छापणाऱ्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसची, लॉग वाचणाऱ्याची नव्हे. ड्रायव्हरने प्रिंटकेमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये) %पीके वापरला आणि ती ओळ रूटच्या एखाद्या डीमनच्या सिस्टीम कॉलमधून छापली गेली, तर खरा पत्ता लॉगमध्ये पडून राहतो आणि नंतर कोणीही तो वाचतो. कर्नलची कागदपत्रं स्पष्ट सांगतात की %पीके फक्त प्रॉक-सिसएफएसमधल्या फायलींसाठी आहे, लॉगसाठी नाही. तरी जुन्या ड्रायव्हरांत तो प्रिंटकेमध्ये सर्रास दिसतो.

२ चा त्रास वेगळा. पर्फ आणि बीपीएफ या कर्नलचं काम मोजणाऱ्या साधनांना सिंबॉल मिळेनासे होतात, मग कोणीतरी ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणून ० करतो आणि ते तसंच राहतं. ० च्या जोडीला पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड ही सेटिंग १ किंवा त्याखाली असेल, तर कॉलसिम्समधले खरे पत्ते साध्या वापरकर्त्यालाही दिसतात. आमच्या मते रोजच्या सर्व्हरवर १ पुरे, मात्र डीमेसेज-रिस्ट्रिक्ट (डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, साध्या वापरकर्त्यापासून झाकणारी सेटिंग) १ त्याच्या जोडीला हवंच.

‘४.१५ पासून %पी हॅश होतो.’ होतो, आणि हा बदल खरोखर मोठा होता. बूटच्या वेळी निवडलेली गुप्त किल्ली वापरून सिपहॅशने पत्त्याचा ३२ बिटांचा ओळखक्रमांक बनतो. एकाच बूटमध्ये तोच पॉइंटर तसाच दिसतो, म्हणून दोन ओळींतला ऑब्जेक्ट एकच आहे की नाही हे डीबग करताना कळतं. पण त्याच आवृत्तीत %पीएक्स आला, आणि तो पत्ता जसाच्या तसा छापतो. बाहेरच्या मॉड्यूलांत डीबगसाठी टाकलेला %पीएक्स तसाच ग्राहकापर्यंत जातो. सोर्समध्ये ग्रेप मारलात तर सापडेल. पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये बदलून %एलएक्सने छापणाऱ्यांना तर हॅशिंग पकडतच नाही. ५.१२ पासून नो-हॅश-पॉइंटर्स हा बूट पर्यायही आहे. तो लावला तर बूट होताना लॉगमध्ये मोठ्ठी चौकट येते, पण सर्व्हरवर ती वाचतो कोण? प्रॉकमधली सीएमडीलाइन (बूट पर्यायांची फाइल) एकदा बघून घ्या.

ऊप्स आणि वॉर्नमध्ये (कर्नलच्या इशाऱ्यात) आरआयपी, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता, सिंबॉल अधिक ऑफसेट असा छापला जातो, पण आरएएक्सपासून आर१५ पर्यंतचे रजिस्टर कच्चेच असतात. त्यांत स्टॅकचे, हीपचे, कधी कोडचेही पत्ते सापडतात. वॉर्ननंतर मशीन चालूच राहतं, म्हणून तो लॉग चालू मशीनची सरक सांगतो. पॅनिकच्या शेवटी येणारी ‘कर्नल ऑफसेट’ ही ओळ बघून मात्र लोक उगाच घाबरतात. तोवर मशीन पडलेलं असतं आणि पुढच्या बूटला सरक नवी असते. डीमेसेज बंद केलं तरी तोच मजकूर व्हार-लॉगमधल्या फाइलीत किंवा जर्नलमध्ये उतरतो. डेबियन-उबुंटूवर एडीएम गटातला कोणीही तो वाचू शकतो, आणि उबुंटू बसवताना बनलेला पहिला वापरकर्ता त्या गटात असतोच.

आता ज्याचा त्या सल्ल्यात उल्लेखच नाही ते. पत्ते छापूनच गळतात असं नाही. कॉपी-टू-यूजर या फंक्शनने स्ट्रक्ट वापरकर्त्याकडे बाहेर जातो तेव्हा त्यातले न भरलेले बाइटही जातात, आणि स्टॅकवर त्या जागी आधीच्या कॉलचा पॉइंटर पडलेला असू शकतो. समजा स्ट्रक्टमध्ये आधी ४ बाइटांचा यू३२ आणि मग ८ बाइटांचा यू६४ आहे. मधे ४ बाइटांचं भोक पडतं, ऑफसेट ४ ते ७. लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर तिथे जुन्या पॉइंटरचा वरचा अर्धा भाग येतो. पॉइंटर कोडचा असेल तर तो भाग सगळा १, म्हणजे निरुपयोगी. पण हीपचा असेल तर डायरेक्ट मॅपच्या (कर्नलमधल्या अख्ख्या रॅमच्या नकाशाच्या) पायाची बरीचशी यादृच्छिकता त्याच वरच्या बिटांत असते, आणि ती गेली. याहून वाईट म्हणजे १६ बाइटांचं नाव ठेवायचं कॅरॅक्टर ॲरे: त्यात ‘ईटीएच०’ एवढंच कॉपी केलं की शेवटचे ८ बाइट तसेच राहतात आणि अख्खा पॉइंटर बाहेर पडतो. यातलं काहीही केपीटीआर-रिस्ट्रिक्टला दिसत नाही.

उपाय कोडमध्येच करावा लागतो. भरण्याआधी पूर्ण स्ट्रक्टवर मेमसेट मारून सगळे बाइट शून्य करा. नुसत्या आरंभिक शून्यावर विसंबू नका, कारण सी भाषेत त्यामुळे पॅडिंग शून्य होईलच असं नाही. भोक असेल तिथे पॅड नावाचं खरं फील्ड घाला. पाहोल हे साधन स्ट्रक्टमधली भोकं बाइटांच्या हिशेबासह दाखवतं. बाहेर जाणारा बफर केमॅलॉकऐवजी मेमरी शून्य करून देणाऱ्या केझॅलॉकने घ्या. ऑब्जेक्टची ओळख म्हणून पॉइंटर बाहेर देऊ नका, काउंटर किंवा आयडीआरमधला (कर्नलच्या क्रमांक वाटणाऱ्या सोयीतला) क्रमांक द्या. लॉगमध्ये कोणतं फंक्शन हे सांगायचं असेल तर %पीएस आहे. त्यात नाव आणि ऑफसेट येतो, पत्ता येत नाही.

सोर्स हातात नसेल तर बूट पर्यायात इनिट-ऑन-अलॉक १ करा, म्हणजे हीप आणि पेज वाटपावेळीच शून्य होतील. कर्नलच्याच कॉन्फिग मजकुरानुसार बहुतेक कामांत त्याचा खर्च १ टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. स्टॅकसाठी कॉन्फिग-इनिट-स्टॅक-ऑल-झीरो, त्याला नवा कंपायलर लागतो, जीसीसी असेल तर १२ पासून. मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी चाचणीच्या मशीनवर ६.१ पासून आलेला केएमसॅन चालवावा. न भरलेला बाइट बाहेर जाताना तो ‘कर्नल-इन्फोलीक’ अशी तक्रार करतो. क्लँग लागतो आणि वेग फार पडतो, म्हणून तो प्रॉडक्शनसाठी नाही.

तपासताना रूट म्हणून तपासू नका. साध्या वापरकर्त्याने आधी कॉलसिम्स उघडून शून्यं आहेत का पाहा, मग कर्नल सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरातली लीकिंग-ॲड्रेसेस ही पर्ल स्क्रिप्ट चालवा. ती प्रॉक, सिस आणि डीमेसेजमध्ये पत्त्यासारखे दिसणारे आकडे शोधते. बाइटरूपात जाणारे स्ट्रक्ट तिला दिसत नाहीत, तेव्हा ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ छापील गळती नाही, इतकाच घ्या. कंटेनर चालवत असाल तर तेच आतूनही करा: कर्नल एकच आहे, आणि डॉकर एरवी कॅप-सिसलॉग काढून घेत असला तरी प्रिव्हिलेज्ड चालवलेल्या कंटेनरला तो परत मिळतो.