विप्रोवाल्या १००० कोटींच्या फॉरवर्डमध्ये काय काय लिहिलेलं नाही

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज परत येतोच. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, कुठून ना कुठून येतो. थोडक्यात मजकूर असा: १९८० मध्ये विप्रोचे १०० शेअर १० हजाराला घेतले असते तर आज १००० कोटींच्या वर झाले असते, म्हणून एफडी मोडा, चांगला शेअर घ्या आणि विसरून जा. नवीन असाल तर १०-२० रुपयांचे शेअर घ्या म्हणजे नग जास्त येतात, बोनस म्हणजे फुकटचे शेअर, आयपीओत (कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तो) तर तोटा होतच नाही. शेवटी एक लिंक, आमच्या ग्रुपला जॉइन व्हा.

परवा भाच्याने विचारलं, मामा हे खरंय का, पहिला पगार झालाय, करू का सुरू? तेव्हा वाटलं की एकदा नीट लिहूनच टाकावं, प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगण्यापेक्षा.

आधी विप्रोचा आकडा. तो खोटा नाहीये, हे पहिल्यांदा मान्य करू. मेसेजने १०० रुपये दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली किंमत, हाच खरेदीचा भाव धरलाय, ते सोडून देऊ, पण त्यानंतर कंपनीने डझनाहून जास्त वेळा बोनस दिला, दोनदा शेअर स्प्लिट केला, म्हणजे एका शेअरचे अनेक छोटे शेअर केले, आणि त्या १०० चे आज ५ कोटींच्या वर शेअर होतात हे गणित बरोबर आहे. फक्त १० हजाराचे १००० कोटी म्हणजे ४५ वर्षं, दरवर्षी, न चुकता साधारण ३६ टक्के. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, १९७९ ला १०० धरला होता आणि २०२४ मध्ये तो ८० हजारावर गेला, म्हणजे वर्षाला साधारण १६ टक्के, डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते ते पैसे, वेगळा. त्या हिशोबाने १० हजाराचे ८० लाख होतात. ८० लाख काही कमी नाहीत हो, पण १००० कोटी आणि ८० लाख यातला जो फरक आहे तो ‘शेअर बाजार’ नाही, तो एक विप्रो आहे.

आणि १९८० ची विप्रो कोणती होती ते कुणी सांगतच नाही. ही कंपनी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची, साने गुरुजींच्या अमळनेरची. १९४५ ला सुरू झाली तेव्हा नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, धंदा वनस्पती तुपाचा, नंतर ७८७ नावाचा कपड्याचा साबण. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून २१ व्या वर्षी परत आले आणि कंपनी हातात घेतली. १९८० च्या आसपास कॉम्प्युटरमध्ये नुकतं कुठे पाऊल टाकलेलं. तर ‘चांगला शेअर घ्या’ म्हणणाऱ्याने मला सांगावं की त्या वर्षी तूप-साबणाच्या कंपनीकडे बघून कोण म्हणालं असतं की ही पुढे अमेरिकेला सॉफ्टवेअर विकणार आहे? शिवाय १० हजार म्हणजे त्या वेळी किती, तेव्हा १० ग्रॅम सोनं १३०० रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे सात-साडेसात तोळ्यांचे पैसे झाले. एवढे पैसे एकाच शेअरमध्ये, तेही तुपाच्या! घरात काय महाभारत झालं असतं ते बघा.

तेव्हाच्या शहाण्या माणसाने काय घेतलं असतं? १९८६ मध्ये सेन्सेक्स (मागे जाऊन १९७९ ला १०० धरून) पहिल्यांदा काढला तेव्हा त्यातल्या ३० कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती, सिंदिया शिपिंग होती, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरची पेपर मिलवाली बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. विप्रो त्या यादीत नव्हतीच. प्रीमियरची पद्मिनी आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर बनणं कधीच बंद झालं, बल्लारपूर २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. या प्रत्येकाचं तेव्हा ‘ब्लू चिप’, म्हणजे मोठी आणि भरवशाची कंपनी, म्हणूनच नाव होतं, पण यांच्यावर फॉरवर्ड येत नाही, कारण ‘१० हजार टाकले असते तर आज फार काही नाही’ असं कोण पुढे पाठवणार.

अमळनेरच्या लोकांचं उदाहरण मला कुणीतरी लगेच देईल, की तिथली साधी माणसं शेअर धरून बसली आणि करोडपती झाली. खरंय, तिथे पिढ्यान्पिढ्या विप्रोचे शेअर सांभाळलेली घरं आहेत. पण त्यांनी विप्रो हजार कंपन्यांतून अभ्यास करून निवडलेली नव्हती, कंपनी गावातली म्हणून शेअर आले आणि टिकले. त्यांच्या टिकून राहण्याला माझा सलामच, पण त्यातून निवडीचा फॉर्म्युला काढता येत नाही. दुसऱ्या गावात दुसरी कंपनी असती तर काय, याचं उत्तर बल्लारपूरला जाऊन विचारा.

बरं विप्रोच घेतली तरी कधी घेतली यावर बरंच अवलंबून आहे. फेब्रुवारी २००० मध्ये आयटीची लाट होती, तेव्हा पेपरात, टीव्हीवर, लोकलमध्ये सगळीकडे हीच चर्चा, आणि नवीन माणूस नेमका अशाच वेळी शिरतो. त्यानंतर दीड-दोन वर्षांत शेअर ८० टक्क्यांहून जास्त पडला. ज्याने शिखरावर घेतला त्याला सगळे बोनस धरूनसुद्धा मुद्दल परत दिसायला साधारण २० वर्षं लागली. तीच कंपनी, तेच प्रेमजी!

आता ‘विसरून जा’. या दोन शब्दांनी जितकं नुकसान केलंय तितकं तर टिप देणाऱ्यांनीही केलं नसेल, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. सलग ७ वर्षं तुमच्या शेअरचा डिव्हिडंड कुणी घेतला नाही, तर कंपनी कायद्याप्रमाणे ते शेअरच सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात जमा होतात. नुसता डिव्हिडंड नाही, शेअरसुद्धा! म्हणजे फॉरवर्डमधला माणूस खरंच विसरून गेला असता तर त्याचे १००० कोटी आज त्याच्या नावावर दिसलेच नसते. आणि डिमॅट, म्हणजे शेअर कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात ठेवायची सोय, आलं १९९६ ला, त्याआधीचे विप्रोचे बोनस सगळे कागदी, पोस्टाने यायचे, रजिस्टरवर असलेल्या पत्त्यावर. मधल्या काळात तुम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये गेला आणि पत्ता बदलला नाही की संपलं.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना मिस्टर गेल्यावर पलंगाखालच्या ट्रंकेत सर्टिफिकेटं सापडली, कडा पिवळ्या पडलेल्या, एकाला पिन गंजून चिकटलेली. कंपनी चांगली, चालू आहे, घरात आनंदीआनंद. मग कळलं की सर्टिफिकेटवर नाव आद्याक्षरांचं आणि आधारवर पूर्ण, सही चाळीस वर्षांपूर्वीची, नॉमिनी नाही, आणि अर्धे शेअर आयईपीएफला गेलेले. केवायसीचा फॉर्म वेगळा, वारसाचे कागद वेगळे, कोर्टाचा दाखला, हमीपत्र, मग आयईपीएफ-५ हा ऑनलाइन फॉर्म, त्याची प्रिंट परत कंपनीकडे. शेअर परत मिळतात, मिळत नाही असं नाही, पण त्या काकू आता बँकेत जायचं म्हटलं तरी आधी सगळी फाइल घेऊन सोफ्यावर बसतात आणि दोनदा कागद मोजतात.

त्यामुळे पहिला शेअर घ्यायच्या आधी पहिलं काम हे, की डिमॅटला नॉमिनी टाका, बँक खातं तेच चालू आहे ना बघा, मोबाइल आणि ईमेल बदलला की तिथेही बदला, आणि घरात एका माणसाला तरी माहीत असू दे की तुमचं डिमॅट कुठे आहे. हे कुठलाही व्हिडिओवाला सांगणार नाही कारण याला व्ह्यूज नाहीत.

आणि न विकता नुसते धरून ठेवायचे हेही प्रत्येक कंपनीला लागू नाही. घरासाठी कर्ज देणारी डीएचएफएल आठवतेय? सप्टेंबर २०१८ मध्ये ६०० च्या वर होता, एका शुक्रवारी दिवसाभरात ४० टक्क्यांहून जास्त पडला, लोक म्हणाले आता स्वस्त झालाय, अजून घ्या. २०२१ मध्ये कंपनी दुसऱ्याकडे गेली आणि जुन्या शेअरहोल्डरच्या हातात शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य, शेअर बाजारातूनच काढले. वर्षातून एकदा तरी रिझल्ट बघायचे, कर्ज किती वाढलंय बघायचं, प्रमोटरने, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांनी, शेअर किती गहाण ठेवलेत बघायचं, एवढं केलं तरी पुष्कळ.

१०-२० रुपयांच्या शेअरचा मुद्दा. हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, टायरवाली एमआरएफ, एक शेअर एक लाखाच्या वर आहे, बापरे महाग. अहो, एमआरएफचे एकूण शेअर फक्त ४२ लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे शेअर सव्वा लाखाला धरला तरी पूर्ण कंपनीची किंमत ५३ हजार कोटींच्या आसपास. व्होडाफोन आयडियाचे शेअर १० हजार कोटींहून जास्त आहेत, तर शेअर ८ रुपयाला जरी असला तरी अख्खी कंपनी ८० हजार कोटींच्या वर गेली. आता सांगा, बाजार जास्त किंमत कुणाला देतोय? शेअरचा भाव म्हणजे पिझ्झाचा एक तुकडा, तुकडे किती केलेत ते माहीत नसताना त्यावरून पिझ्झा स्वस्त की महाग कसं ठरवणार. पुण्याची सुझलॉन २००८ च्या जानेवारीत ४०० च्या वर होती, २०२० च्या मार्चमध्ये दोन रुपयांच्या आसपास. मध्ये ती १०० ला स्वस्त होती, ५० ला स्वस्त होती, २० ला तर फारच स्वस्त होती आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘नग जास्त येतात’ म्हणून घेतच होतं. पुढे ती वर आली हे मला माहितीये, कमेंटमध्ये तेवढंच लिहू नका, वर आली तरी ४०० वाल्याचं काही भलं झालं नाही.

बोनस. विप्रोनेच डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक, म्हणजे एका शेअरमागे आणखी एक, बोनस दिला, ५८० च्या आसपासचा शेअर दुसऱ्या दिवशी २९० च्या आसपास दिसायला लागला. कुणी काही फुकट दिलेलं नाही. तरी दर वेळी ‘शेअर निम्म्यावर आला, घाबरू का’ असे मेसेज येतात, म्हणजे लोक बोनसच्या आशेने घेतात आणि बोनस मिळाल्यावर घाबरतात.

आयपीओत तोटा नाही? रिलायन्स पॉवर, जानेवारी २००८, भाव ४५०, ७० पटींहून जास्त अर्ज, लोकांनी उसने पैसे घेऊन भरलेले, आणि पहिल्याच दिवशी ४०० च्या खाली बंद. पेटीएम, २०२१, भाव २१५०, पहिल्या दिवशी २७ टक्के खाली. बरं ती नवी कंपनी म्हणाल तर एलआयसी घ्या, २०२२, भाव ९४९, पॉलिसीवाल्यांना ६० रुपये सूट, तरी पहिल्या दिवशी ८७५ ला बंद, म्हणजे सूट धरूनही खाली. यात एक खोच आहे ती कुणी सांगत नाही. ज्या आयपीओवर सगळे तुटून पडतात तिथे छोट्या माणसाचा नंबर लॉटरीने लागतो, बहुतेक वेळा लागत नाहीच. आणि जो कुणाला नकोय तो तुम्हाला अर्ज केला की पूर्ण मिळतो. त्यामुळे वर गेलेल्या आयपीओंची सरासरी पेपरात भारी दिसते, तुमच्या डिमॅटमधली तशी नसते.

एफडी मोडा हे वाचून मात्र मला खरंच राग येतो. २० जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४२ हजाराच्या वर जाऊन आला होता, २३ मार्चला २६ हजाराच्या खाली. आणि त्याच महिन्यांत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पगार कापले, हॉस्पिटलची बिलं आली. ज्यांनी एफडी मोडून शेअर घेतले होते त्यांनी नेमके तेव्हाच विकले, मिळेल त्या भावाला, कारण दुसरं काही नव्हतंच. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता ते थांबू शकले. एफडी श्रीमंत करायला नसते, ती तुम्हाला शेअर विकायला लागू नयेत म्हणून असते. तीसुद्धा एकाच बँकेत सगळी नको, कारण विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे, पीएमसी बँकेत पैसे अडकले त्या वेळी मुंबईत लोकांनी काय भोगलं ते आठवा.

भाच्याला मी काय सांगितलं? आधी सहा महिन्यांचा खर्च, मग मेडिक्लेम, ऑफिसचा असला तरी स्वतःचा. मग दरमहा थोडे निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्या सगळ्या थोड्या थोड्या घेणाऱ्या फंडात, आणि शेअर शिकायची हौस असेल तर वेगळे ठेवलेल्या थोड्या पैशातून दोन-तीन कंपन्या, ज्यांचा धंदा तुला आईला समजावून सांगता येईल अशा. वर्षाच्या आत विकलं तर फायद्यावर २० टक्के टॅक्स, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या फायद्यावर साडेबारा टक्के, हेही आत्ताच लक्षात ठेव. तो म्हणाला, मामा हे फारच बोअर आहे. आहेच!

राहिली ती लिंक. त्या ग्रुपमध्ये दोन दिवस फुकट टिपा मिळतात आणि तिसऱ्या दिवशी ऑप्शनचं, म्हणजे शेअर न घेता नुसत्या भावावर पैसे लावायचं, पैसे भरून घ्यायचं प्रीमियम चॅनल. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने स्वतः आकडे काढलेत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. टिप देणारा सेबीकडे नोंदलेला असेल तर त्याचा नंबर असतो, रिसर्च अॅनालिस्टचा ‘आयएनएच’ ने सुरू होतो, सल्लागाराचा ‘आयएनए’ ने, आणि तो सेबीच्या साइटवर नावासकट जुळवून बघता येतो. मी ग्रुपच्या अॅडमिनला तो नंबर विचारला. त्याने मला काढून टाकलं.