क्लचवरची दोन बोटं

यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणाला आमच्या गाडीनं असा काही आवाज काढला, की ऐकणाऱ्याला वाटावं आता ही उडते. प्रत्यक्षात शेजारून एक म्हैस चालली होती आणि ती बराच वेळ शेजारीच होती.

सप्टेंबर होता, कासला फुलं आली होती. सातारकर माणूस आपण होऊन कासला जात नाही. पुण्याचे पाहुणे जाऊन येतात, फोटो टाकतात, मग घरात विषय निघतो, "अवघ्या 25 किलोमीटरवर आहे, आणि आपण..." 2012 साली पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आता हंगामात तिकीट काढून आपलीच फुलं बघावी लागतात. तर तिकिटं काढली होती, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि समर्थ मंदिरापर्यंत गाडी गुणानं आली. चढ लागला, मी मूठ पिळली, तर इंजिन किंचाळलं आणि वेग होता तेवढाच. आणखी पिळली, आणखी किंचाळलं. मार्चअखेरीला आमच्या साहेबांचं असंच होतं. आवाज चढत जातो, फाईल जागची हलत नाही.

मागून बायको म्हणाली, "अहो, क्लचवरची बोटं काढा."

हेल्मेटचा एक फायदा असा, की ऐकू आलं नाही असं दाखवता येतं.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून गेलेल्या घातक वाक्यांत "तू जरा उतरतेस का, चढ संपेपर्यंत?" या वाक्याचा नंबर बराच वर लागेल. ती उतरली. जाताना दशम्यांची पिशवी हँडलवरून काढून घेतली. नुसत्या माझ्या वजनावर गाडी थोडी पुढं सरकली, मग जळक्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि मी कठड्याला गाडी लावली. समोर अजिंक्यतारा, खाली सगळं सातारा, मध्ये आम्ही दशम्या खातोय, आणि कासचे प्रवासी गाड्यांच्या काचा खाली करून आमच्याकडे बघतायत. आम्हीही एक प्रेक्षणीय स्थळ झालो होतो.

परत येताना उतारावर गाडी नामी चालली. त्यामुळे तिला काहीही झालेलं नाही, अशी माझी खात्री पटली.

पुढचे चार दिवस मी निदानात घालवले. साताऱ्यात पत्ता विचारला तर एखादा 'माहीत नाही' म्हणेल, गाडीचं दुखणं विचारलं तर कुणी म्हणणार नाही. टेबलाशेजारचे म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी. शिपाई म्हणाला, प्लग. मेव्हण्यानं फोनवरूनच आवाज ऐकला आणि कार्बोरेटर ठरवला. मी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला, चेन ताणली, पेट्रोल भरायचा पंप बदलला. गाडीचं ॲव्हरेज 60 वरून 42 वर आलं होतं आणि आठवड्यात दोनदा रिझर्व्हला यायला लागलं होतं. कार्बोरेटर साफ करून घेतला, तेव्हा फरक एवढाच पडला की किंचाळण्याचा स्वर सुधारला.

शेवटी खालच्या मजल्यावरचे आबा बाहेर आले. आबा तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. महाबळेश्वरच्या घाटात धुक्यात गाडी घातलेला माणूस, त्यांना शंभर सीसीचं काय कौतुक!

"चौथा टाक," ते म्हणाले. आमच्या गाडीचे चारही गिअर पुढे पडतात. टाकला. "म्होरला ब्रेक गच्च धर. थोडी रेस दे. आता सोड क्लच."

सोडला. गचका बसून गाडी बंद पडायला हवी होती. ती सुरूच राहिली, उंबऱ्यात बसून गहू निवडणाऱ्या बाईसारखी स्वस्थ. गाडी बंद पडली नाही म्हणून पोटात गोळा येण्याचा आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

"क्लचच्या प्लेटा गेल्या," आबा म्हणाले. "इंजिन फिरतंय, पण चाकापत्तोर निरोपच जात न्हाई." आणि आत जाऊन पुन्हा पेपर वाचू लागले.

गोडोलीतल्या गॅरेजमधला पोरगा पंचविशीतला असेल. त्यानं गाडी सुरू केली नाही, चक्करही मारली नाही. फक्त क्लचची लिव्हर एका बोटानं हलवून बघितली, म्हणजे हलवायचा प्रयत्न केला.

"सायेब, केबल कुणी ताणलीय?"

लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल लागते म्हणे. तेवढी नसेल तर लिव्हर सोडली तरी क्लच पुरता सुटत नाही, थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत आणि नुसत्या घासत बसतात. दिवाळीत मला क्लच सैल वाटला होता. ॲडजस्टर मीच फिरवला होता, वर बायकोला बोलावून दाखवलाही होता.

"मागच्या मेकॅनिकनं," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला.

मग त्यानं खाली परात सरकवून ऑइल सोडलं, दोन बोटांत घेऊन चोळलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्ये कुठलं?" मेव्हण्याच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला डबा होता, फुकट मिळालेला. मला वाटत होतं, चारचाकीचं ऑइल म्हणजे वरच्या दर्जाचं. त्यानं समजावून सांगितलं. कारचा क्लच कोरडा, इंजिनापासून वेगळा. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या तेलात निसरडेपणा वाढवणारी द्रव्यं घालतात, ती इथं आली की प्लेटा साबण लावल्यागत सटकतात. बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं बघून घ्यायचं. माझ्या डब्यावर काय लिहिलं होतं, ते मी वाचलं नव्हतं. फुकटच्या डब्यावरचं कोण वाचतं?

किक निघाली, फूटरेस्ट निघाला, उजव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट निघाले. लाकडी हातोडीनं दोन टिचक्या, पॅकिंग फाटल्याचा आवाज, आणि आतून क्लच दिसला. स्प्रिंगा काढल्यावर त्यानं प्लेटा एकेक करून बाहेर घेतल्या. एक कॉर्कची, एक स्टीलची, पुन्हा एक कॉर्कची, अशी ती उतरंड. नवी कॉर्कची प्लेट त्यानं जुनीशेजारी ठेवली. नवीवर छोटे चौकोनी ठोकळे, बोटाला खरखरीत लागणारे. जुनीवर ते नावापुरते उरले होते, काळे, जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखे गुळगुळीत. स्टीलच्या प्लेटेला मोरपिसाची झाक आली होती. मी म्हटलं, "रंग छान आहे." तो म्हणाला, "जळलीय ती." काउंटरच्या काचेवर ठेवून एका बाजूला बोट दाबलं, तर दुसरी बाजू उचलली. टक. टक. वाकलीही होती.

"ह्ये नुसतं केबलीनं आन् तेलानं न्हाई हुयाचं," तो म्हणाला. "कुणीतरी क्लचवर बोटं ठिवून गाडी चालवतंय."

मी स्टुलावर बसलो होतो. उजव्या हातात चहा. डावा हात मांडीवर. मेकॅनिकची नजर त्या हाताकडे गेली, म्हणून माझीही गेली. पहिली दोन बोटं हवेतच वाकवून धरलेली होती. खिशात घालायला गेलो, तर खिशात मोबाईल.

नव्या प्लेटा तो लगेच बसवेना. कोऱ्या तेलाच्या डब्यात लोणच्यागत मुरत घातल्या आणि मला आणखी एक चहा घेऊन यायला सांगितलं. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. प्लेटा, स्प्रिंगा, पॅकिंग, ऑइल आणि मजुरी, सगळे मिळून जे झाले त्यात मेव्हण्याला चांगल्या तेलाचे दोन डबे भेट देता आले असते.

जुन्या प्लेटा कागदात गुंडाळून घरी आणल्या. "काय निघालं?" बायकोनं विचारलं.

"झिजल्या होत्या. वयानं."

तिनं स्टीलची प्लेट उजेडात धरली. "वयानं निळ्या पडतात?"

मी हात धुवायला गेलो. ती प्लेट आता ओट्यावर तेलाच्या बुधलीखाली असते, कडाप्प्यावर डाग पडत नाही.

नव्या क्लचची सवय व्हायला वेळ लागला. कुठं धरतो तेच कळेना. पोवई नाक्याला खालून रस्ता झाला तरी वरची गर्दी आहेच, त्या गर्दीत गाडी तीनदा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला मात्र भरून येत होतं. बंद पडते आहे, म्हणजे धरते आहे!

रविवारी पुन्हा दोन तिकिटं काढली. समर्थ मंदिर मागं पडलं, चढ लागला, तिसऱ्यावर गाडी ओढायला लागली. आवाज बेताचा, वेग चढता. म्हशीला मागं टाकलं. ती तीच होती असं माझं मत आहे. दुसऱ्या वळणाला माझ्या डाव्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकली. ती काही बोलली नाही.

मी बोटं काढली.